हरकत नाही

‘पालकांचं ना-हरकत पत्र?’ व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, आणि तिला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचे कागद उघडून बसलाय. काचेला बोलण्यासाठी पाडलेली भोकं तिच्या छातीच्या उंचीवर होती, त्यामुळे प्रत्येक उत्तर वाकून द्यावं लागत होतं. ‘माझ्याबरोबर लहान मूल नाही,’ ती वाकून म्हणाली. ‘मी एकटीच जाणार आहे.’ ‘मुलाचं नाही विचारत. तुमच्या पालकांचं.’ ‘आईवडील नाहीत.’ ‘नवरा?’ ‘वारले.’ ‘भाऊ? दीर? काका, मामा?’ प्रत्येक नात्याला ती मान हलवत गेली, आणि तो माणूस खरोखरच काळजीत पडल्यासारखा दिसू लागला. ‘म्हणजे घरात कुणी पुरुषच नाही?’ ‘मुलगा आहे. कॉलेजात शिकतो.’ ‘अठरा पूर्ण?’ ‘एकोणीस.’ ‘मग झालं की!’ तो एकदम खुलला. ‘आधी सांगायचं ना बाई. तो चालेल. त्याची सही आणा, त्यालाही घेऊन या. त्याची हरकत नसेल तर तुमचं काम झालंच समजा.’ आणि तिच्या पदव्या, अनुभवाचे दाखले, सीमेपलीकडच्या हॉस्पिटलचं नेमणूकपत्र, पोलिसांचा दाखला, हे सगळं नीट एका चवडीत ठोकून त्याने खिडकीखालच्या फटीतून परत सरकवलं.

पायऱ्या उतरून खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला ‘थँक यू’ म्हणालो. हे तिला त्या प्रश्नापेक्षा जास्त झोंबलं. समोर फोटो काढणाऱ्यांची आणि झेरॉक्सची दुकानं होती, दारात उभे राहून पोरं गिऱ्हाइकं ओढत होती, ‘ताई, व्हिसा फोटो? पांढरा पडदा आहे, पाच मिनिटांत.’ ती थांबली नाही. बसही तिने सोडली. चालताना तिला आपल्या गळ्यातली नाडी स्पष्ट जाणवत होती आणि सवयीने ती मोजायला लागली, मग आपल्यालाच वैतागून तिने मोजणं सोडलं. ती भूलतज्ज्ञ होती. वीसेक वर्षं एकाच हॉस्पिटलात माणसांना झोपवत आली होती आणि परत उठवत आली होती. माणसाला शांत करायचं, त्याचा श्वास आपल्या हातात घ्यायचा, आणि काम झालं की ज्याचा त्याला परत करायचा. एवढंच तिचं काम, आणि ते नीट झालं तर तिला कुणी ओळखतही नसे. बरे झालेले लोक सर्जनच्या पाया पडत, त्याच्यासाठी पेढे आणत. ती जिन्यात भेटली तर बाजूला होऊन जायला वाट देत. मोठे सर्जन तिला सगळ्यांसमोर ‘आमच्या भूलवाल्या मॅडम’ म्हणत आणि वर स्वतःच हसत, ‘यांच्याकडे भूलचूक देणेघेणे.’ हा विनोद तिने इतक्या वेळा ऐकला होता, की तो सुरू झाला की ती हातमोजे घालायला वळायची. पण एका गोष्टीवर ती अडून बसायची. ऑपरेशनच्या आधीची सही रोग्याचीच हवी. शुद्धीवर असेल, कळत असेल, तर त्याचीच. नवरे पुढे होऊन पेन मागत, सासरे म्हणत, तिला काय कळतंय, आम्ही आहोत ना. तेव्हा ती म्हणायची, ‘पोट तिचं आहे. तुमचं असेल तेव्हा तुमची सही घेऊ.’ सर्जन घड्याळ बघत उभे राहत आणि ती कोपराला उशी लावून बाईला सही करायला बसती करी. वळण चुकलेलं, थरथरतं नाव उमटलं की मगच ती सुई हातात घ्यायची. आणि आता तिच्या स्वतःच्या जाण्यायेण्याला टिल्लूची सही! टिल्लूची! जो जन्मला तेव्हा एवढासा होता की तिच्या तळहातात मावत होता, ज्याची छाती वरखाली होतेय की नाही हे बघत ती काचेच्या पेटीपाशी उभी होती. नाव टिल्लू पडलं ते तेव्हा. आता तो सहा फुटी झाला होता, दारातून वाकून आत यायचा, पण घरात टिल्लूचा टिल्लूच राहिला होता.

नोकरीचं तिने मनावर घेतलं होतं ते लहान मुलांसाठी. सीमेपलीकडे, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर, बाळांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांचं नवं हॉस्पिटल उभं राहत होतं आणि तिथला भूलविभाग तिने उभा करायचा होता. एवढ्याशा बाळाला झोपवणं ही वेगळीच गोष्ट. तिथे एक थेंब इकडेतिकडे चालत नाही. इथे असं बाळ आलं की तिला बोलावणं यायचं, सुट्टी असो नसो, आणि दारावरच्या पाटीवर मात्र सर्जनच्या खाली सर्जनचीच नावं होती. पलीकडच्या हॉस्पिटलची प्रमुख एक डॉक्टरीणबाई होती. मुलाखतीत पडद्यावरून ती म्हणाली होती, ‘आम्हाला तुमचे हात हवेत.’ असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आता वाटेतल्या एका बाकावर बसून तिने त्याच बाईला फोन लावला. रागात शब्द मागेपुढे होत होते. पलीकडून ती बाई मोकळेपणी हसली. ‘अहो, सांगायचं राहिलंच वाटतं. तसा नियमच आहे इथे. माझी सही माझा धाकटा भाऊ करतो. तो दुकान बंद करून येतो बिचारा दरवेळी. होते सवय.’ होते सवय. फोन बंद करूनही ती बराच वेळ त्या दोन शब्दांपाशी बसून राहिली. सवय म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? औषधाची सवय झालेल्या माणसाला झोपवायला दुप्पट औषध लागतं. आणि त्यालाच नंतर सांगता येत नाही, आपल्याला नेमकं कुठे कापलं होतं.

घरी सासूबाई सोफ्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. मुलगा गेल्यावर त्या हिच्याकडेच राहिल्या, कारण दोघींनाही दुसरं कुणी नव्हतं. दोघींचं पटत नसे आणि एकमेकींवाचून चालतही नसे. तिने काय झालं ते सांगितलं. सासूबाईंनी तेलाची बाटली बाजूला ठेवली. ‘मग? मी करते की सही. घरात मोठी कोण? मीच ना?’ ‘बाईची चालत नाही, आई.’ ‘म्हणजे?’ ‘पुरुषाची लागते.’ ‘अगं पण तो पुरुष माझा नातू आहे!’ सासूबाईंचा आवाज चढला. ‘ज्याचं ढुंगण मी धुतलं त्याची सही चालते आणि माझी नाही? त्यांना सांग, त्याला अजून स्वतःची चड्डी वाळत घालता येत नाही.’ तिला हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा खरोखरच अपमान झाला होता, आणि तो सुनेला जाऊ देण्याचा हक्क आपल्याला नाही म्हणून झाला होता. हे लक्षात आल्यावर तिचंही हसू हळूहळू ओसरलं. म्हणजे राग सगळ्यांनाच येतो, पण प्रत्येकाला आपलं दांडकं दुसऱ्याच्या हातात गेल्याचा. दांडकं का असावं, हे कुणी विचारत नाही.

टिल्लू संध्याकाळी आला, बूट दारात भिरकावले, तिने सांगितलं तसं मोठ्याने हसला. ‘म्हणजे मी तुझा पालक? मग आधी तुझं प्रगतिपुस्तक दाखव.’ तीही हसली. त्याने कचेरीतून मिळालेला छापील कागद हातात घेतला, पंख्याखाली उभा राहून वाचत गेला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. मजकूर सरकारी होता. मी, खाली सही करणार, माझ्या अखत्यारीतील या स्त्रीला परदेशी जाण्यास, तिथे राहण्यास व नोकरी करण्यास संमती देत आहे. ही संमती मी केव्हाही मागे घेऊ शकतो. ‘केव्हाही’ त्याने पुन्हा वाचलं. ‘किती वर्षांचं आहे गं तुझं?’ ‘तीन. सांगितलं होतं की.’ ‘हं.’ त्याने कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, ‘बघतो.’

बघतो. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. हा शब्द तिच्या नवऱ्याचा होता. नवरा वाईट नव्हता. नकाशे काढायचा, हळू बोलायचा, कधी हात उगारला नाही. पण घरात काहीही विचारलं की ‘बघतो’ म्हणायचा, आणि त्या ‘बघतो’च्या दारात सगळं ताटकळत उभं राहायचं. तिचं पुढचं शिक्षण, एका परिषदेला जाणं, स्वयंपाकघराची खिडकी मोठी करणं. तो कधी नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. खिडकी तो गेल्यावर तिने मोठी केली, आणि उन्हाचा पहिला पट्टा ओट्यावर पडला तेव्हा तिला रडू आलं. ते कशाचं होतं हे तिला आजही सांगता आलं नसतं. टिल्लूने तो शब्द कुठून उचलला? बाप गेला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. का हा शब्द कुणाकडून शिकावा लागतच नाही? हातात कागद दिला की तो आपोआप तोंडात येतो?

मग कागद खिशातच राहिला. शर्ट धुवायला पडला तेव्हा तिने खिसा चाचपला. कागद त्याने काढून घेतला होता. म्हणजे विसरला नव्हता. जेवताना विषय नाही. ती विचारायची नाही, कारण विचारणं म्हणजे मागणं झालं असतं, आणि मागायचं नाही हे तिने ठरवून टाकलं होतं. दरम्यान तिला स्वतःतल्या काही गोष्टी दिसू लागल्या आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या आवडीची भाजी आठवड्यात पुन्हा झाली होती. तो उशिरा उठला तरी ती काही बोलली नव्हती. त्याच्या मित्रांनी खोलीत धूर केला, तिने नुसती खिडकी उघडली. तिने हे ठरवून केलं नव्हतं, हात आपोआप वागत होते. म्हणजे नुसता एक कागद घरात आला, अजून त्यावर शाईही उमटली नाही, आणि ती आपल्या पोटच्या पोराची मर्जी राखू लागली होती.

त्या रविवारी ती त्याच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, ‘तुझ्या मनात काय आहे ते बोल. पण मुलगा म्हणून बोल. पालक म्हणून नको.’ त्याने बोटं मोडली. ‘तू मला विचारलंच नाहीस,’ तो म्हणाला. ‘सांगितलंस. नोकरी लागली, जातेय. आजीचं असं, जेवणाचं तसं. मला विचारलंस तू? बाबा गेले, आता तूही चाललीस.’ हे खरं होतं. तिने सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. ‘बरं. आता विचारते. तुला काय वाटतं?’ ‘नको जाऊस.’ तो फार लवकर आणि अगदी लहान आवाजात म्हणाला. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. ‘ऐकलं मी,’ ती म्हणाली. ‘मलाही सोपं नाहीये. तरी मी जाणार आहे, टिल्लू. दर दोन महिन्यांनी येईन.’ ‘मग माझ्या बोलण्याला अर्थ काय?’ ‘मुलगा म्हणून आहे ना. तू नको म्हणालास, हे मी बरोबर घेऊन जाईन, रोज आठवेन. पण जाईन.’ ‘आणि मी सही नाही केली तर?’ त्याचं दुःख खरं होतं. सगळ्या घरांतल्या मुलांना असतं तसं, आईने ऐकून घ्यावं, रडावं, तरीही आपल्या कामाला जावं, असलं दुःख. पण कुठल्याशा कचेरीने त्या दुःखाच्या हातात किल्ली दिली होती. आता ते नुसतं दुःख राहिलं नव्हतं. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्यालाही ते कळत होतं.

सही त्याने केली. सासूबाईंनी त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक. सकाळी कागद ओट्यावर पडलेला होता. ‘तुझ्या बापाला मी जे शिकवायला हवं होतं ते तुला तरी शिकवते,’ एवढंच तिला स्नानघरात असताना ऐकू आलं होतं.

पुन्हा ती कचेरी. या वेळी त्यांना खिडकीशी उभं केलं नाही, आतल्या खोलीत बोलावलं. टेबलापुढे एकच खुर्ची होती. ‘बसा साहेब,’ अधिकारी टिल्लूला म्हणाला. टिल्लूने मागे वळून बघितलं, साहेब कोण म्हणून. मग आईकडे बघितलं, मग बसला. शिपायाने पाण्याचा पेला आणला, एकच. अधिकारी मऊ आवाजाचा होता, केस नीट विंचरलेले. सगळे प्रश्न त्याने मुलाला विचारले. यांना आधी नोकरीचा अनुभव आहे? कुणाच्या ओळखीने ही नोकरी लागली? तिथे राहणार कुठे, कुणाबरोबर? ती उभी होती, पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं की अधिकारी नम्रपणे हात वर करी, ‘त्यांना सांगू द्या.’ आणि टिल्लू सांगत होता. सुरुवातीला अडखळत, चुकत. ती भूल देते हे सांगताना त्याला ‘विभागप्रमुख’ हा शब्द आठवेना. मग हळूहळू त्याचा आवाज खाली उतरला, जाड झाला. पाठ खुर्चीला टेकली. ‘रात्रीच्या ड्यूट्या असतात ना यांना? वागणुकीबद्दल काही तक्रार वगैरे?’ अधिकाऱ्याने विचारलं, हवापाण्याचं बोलावं तसं. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. ‘नाही, तसं काही नाही,’ टिल्लू म्हणाला. ‘मग वागणुकीची हमी देता?’ ‘देतो.’ आणि तिने त्याचा चेहरा बघितला. त्याला बरं वाटलं होतं. तिची बाजू घेतल्याचं बरं वाटलं होतं, आणि त्याहून थोडं जास्त. ‘हरकत नाही?’ ‘हरकत नाही.’ शिक्का बसला. अधिकाऱ्याने उठून टिल्लूशी हात मिळवला.

बाहेर रस्त्यावर गर्दी होती. ‘झालं बघ आई, किती सोपं होतं,’ तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडायला त्याने तिचा दंड धरला. हलकेच, जपून, म्हाताऱ्या माणसाला धरावं तसा. ‘हात सोड,’ ती म्हणाली. ‘अगं गाड्या...’ ‘हात सोड माझा.’ लोक बघायला लागले. तो गोंधळला. ‘काय झालं? मी तुझ्या बाजूने बोललो ना? तो काय काय विचारत होता, मी सगळं नीट सांगितलं ना?’ ‘खुर्चीवरून उठला का नाहीस?’ ‘त्याने बस म्हटलं!’ ‘माझ्या वागणुकीची हमी तू देतोस? तू? तुझ्या जिभेला काही झालं नाही ते म्हणताना?’ ‘मग काय म्हणायचं होतं? देत नाही म्हणू? तुझंच काम अडलं असतं!’ त्याचेही डोळे लाल झाले. ‘काहीही केलं तरी मीच वाईट. एवढंच वाटतंय तर जाऊन परत घेऊ का सही? घेऊ?’

ते बोलून तो थांबला. दोघांनीही ते ऐकलं. एक रिक्षा हॉर्न वाजवत त्यांच्या अगदी जवळून गेली. ‘जा,’ ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज ऑपरेशनच्या खोलीतला निघाला, सपाट आणि स्पष्ट. ‘आत जाऊन सांग त्याला. कागदावर लिहिलंय, केव्हाही.’ तो गेला नाही. फुटपाथच्या कडेला उभा राहिला, सहा फुटी पोर, आणि त्याची हनुवटी लहानपणी हलायची तशी हलायला लागली. ‘मला नव्हतं असं म्हणायचं,’ तो म्हणाला. तिचे हात पुढे जाऊ पाहत होते. एवढी वर्षं हेच केलं होतं, तो रडला की पुढे व्हायचं, पुसायचं, थोपटायचं, दुखलेलं विसरायला लावायचं. ती शांत उभी राहिली. ही भूल तिला द्यायची नव्हती. त्याला दुखायला हवं होतं, शुद्धीवर असताना. दुखलं. तो स्वतःच बाहीने नाक पुसेपर्यंत ती तिथेच थांबली, आणि मग दोघं वेगवेगळे, काही पावलांच्या अंतराने, बसथांब्याकडे गेले. बसमध्ये त्याच्याशेजारची जागा रिकामी होती. ती जाऊन तिथे बसली.

व्हिसा आला. पासपोर्टाच्या त्या पानावर तिच्या नावाखाली, तिच्या पदाच्याही वर, पालकाचं नाव छापलेलं होतं, पुढे नातं: मुलगा. सासूबाईंनी भिंग लावून ते वाचलं आणि ‘मेले’ एवढंच म्हणाल्या. मेले कोण, ते तिने विचारलं नाही. ती गेली. जाणं सोडून देऊन राग दाखवावा असंही एकदा मनात येऊन गेलं होतं, पण त्याने कुणाचं काय बिघडलं असतं? त्या कचेरीचं तर नक्कीच नाही. बाळं तेवढी खोळंबली असती.

सीमेपर्यंत टिल्लू बरोबर आला. लांबच लांब पत्र्याची शेड, जाळीच्या रांगा, बॅगा ढकलणारी माणसं. शेवटच्या टेबलाशी गणवेशातली एक बाई बसली होती. तिने पान उघडलं आणि मान वर न करताच पुकारलं, ‘पालक कोण आहेत?’ टिल्लू पुढे झाला. त्याच्या हातात आईची जड बॅग होती. ‘मी मुलगा.’ ‘पालक?’ ‘मुलगा,’ तो म्हणाला. बाईने त्याच्याकडे कंटाळून बघितलं. ‘अहो, पालक म्हणून तुमचंच नाव आहे ना इथे?’ ‘नाव माझंच आहे. मी मुलगा आहे यांचा.’ त्याचे कान लाल झाले होते पण आवाज जाड झाला नव्हता, त्याचा होता तसाच होता. मागे रांग कुरकुरायला लागली. बाईने खांदे उडवले, ‘तेच ते,’ म्हणाली, आणि तिला लिहायचं होतं तेच रकान्यात लिहून मोकळी झाली. आईने त्याच्याकडे बघितलं. बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि राग तिळभरही कमी झाला नाही. पोराने एक शब्द उच्चारायचं नाकारलं होतं. शब्द तर त्याच्या डोळ्यांदेखत लिहिला गेला होता. ‘आजीला गुडघ्याच्या गोळ्या रात्री जेवल्यावर,’ ती म्हणाली. ‘माहितीये,’ तो म्हणाला. मग त्याने वाकून नमस्कार केला, आणि तिने त्याला उठवून घट्ट धरलं, तिचं डोकं त्याच्या छातीशी, तिला त्याचे ठोके ऐकू येत होते.

बॅग तिने स्वतः ओढत नेली. मधली मोकळी जागा ओलांडली की दुसरी शेड होती, तशीच, फक्त रंग वेगळा. तिथेही टेबल, तिथेही रांग. नंबर आला. टेबलामागच्या तरुणाने पासपोर्ट घेतला, पानं उलटली, आणि शिक्का शोधत शोधत विचारलं, ‘बरोबर कोण आहे?’

‘मी आहे,’ ती म्हणाली.

शिक्का सापडला होता. तो शाईवर दाबून त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने तेच उत्तर पुन्हा दिलं, आणि तो मान वर करून आपल्याकडे बघेपर्यंत टेबलावर हात ठेवून तशीच उभी राहिली.